कलेक्शनची नोकरी आत्ताच सोडू की पाच वर्षं भरू देऊ?

तापीकाठचा

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ३४. गाव चोपडा तालुक्यात, सध्या जळगावला राहतो. एका फायनान्स कंपनीत कलेक्शन मॅनेजर आहे, टू-व्हीलर आणि ट्रॅक्टर लोन. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच नको. सप्टेंबर २०२१ ला लागलो म्हणजे येत्या ६ सप्टेंबरला पाच वर्षं होतील. हाताखाली सात पोरं फील्डला, चोपडा यावल रावेर असा पट्टा. हातात ४६ हजार येतात, इन्सेंटिव्ह आला तर आला. घराचा हप्ता १४,८००. बायको खाजगी शाळेत शिकवते, १२ हजार मिळतात. मुलगी चार वर्षांची.

दिवस असा असतो. सकाळी साडेसातला ग्रुपवर लाइव्ह लोकेशन, नऊला कॉल, दोनला कॉल, रात्री साडेआठला परत कॉल आणि त्यात प्रत्येकाने आपला आकडा सगळ्यांसमोर बोलायचा, कमी असला की झोनलसाहेब सोलतात, त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे, "घरी बायकोला काय सांगतो मग?" पाच वर्षांत ते वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल देव जाणे, आणि आता खरी लाज ही की परवा मीच ते माझ्या एका पोराला बोललो. बोलून गेल्यावर लक्षात आलं.

मार्च क्लोजिंगला ३१ तारखेला रात्री साडेअकरा वाजता अडावदच्या अलीकडे गाडी कडेला लावून उलटी झाली. दुसऱ्या दिवशी बीपी १५२/९८. डॉक्टर म्हणाले आठ दिवस रोज मोजा मग बघू. मोजलं, थोडं खाली येतं, महिनाअखेर आली की परत वर.

पण खरी गोष्ट बीपीची नाहीये. अखजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी मामेभावाचं लग्न होतं. पंगतीला बसलो, समोरच्या ओळीत एक माणूस, आमचा ट्रॅक्टरचा कस्टमर, ६१ ते ९० दिवस थकलेल्यांच्या बकेटमध्ये, म्हणजे अजून एक हप्ता चुकला की एनपीए, थकीत खातं. मला तो ओळखू आला नाही आधी, त्याने मला ओळखलं. बट्टी चुरून झालेली, वरण ओतलेलं, गंगाफळाची भाजी वाढून झाली होती, फक्त तूपवाला त्याच्यापर्यंत यायचा होता. "आलोच" म्हणाला आणि उठला तो परत आलाच नाही. वाढप्याने त्या रिकाम्या जागेसमोर थांबून माझ्याकडे पाहिलं की तूप वाढू का नको. मी काय सांगणार होतो? मी लग्नात आलो होतो हो, वसुलीला नव्हतो आलो. पण त्याला कसं कळणार ते. ते पान अजून डोळ्यासमोरून जात नाही.

पर्याय तीन आहेत आणि तिन्ही अर्धवट. एका पतसंस्थेत २७ हजारावर बोलणं चालू आहे. मित्राचं चोपड्यात ठिबकचं दुकान आहे, तो म्हणतो चार लाख टाक आणि भागीदार हो. आणि वडिलांची चार एकर केळी. वडील म्हणतात, "शेतीत मी अडकलो तेवढं पुरे, तू नको अडकू." आई फक्त म्हणते, "इतलं टेन्शन कसाले लेस रे भाऊ."

चार महिने थांबलो तर ग्रॅच्युइटी मिळते. थांबू का? का आत्ताच मेल टाकू? खरं सांगायचं तर रात्री दोन वाजता एक ठरतं आणि सकाळी साडेसातला लोकेशन टाकताना दुसरंच.

एमएच_अठरा

बीपी १५२, वय ३४. अजून काय विचारायचं राहिलंय? सोड.

वास्तव_बोला

प्रेशर कुठे नाही? बॉर्डरवर जाऊन बघा. ४६ हजार जळगावात बसून मिळतायत, मुंबईत लोकलला लटकून एवढ्यात घरभाडं पण निघत नाही. आजकालच्या पोरांना जरा साहेब ओरडला की डिप्रेशन. हप्ता थकवणाऱ्याला लाज वाटली म्हणून तो उठला, त्यात तुमची काय चूक? कर्ज घेताना गोड वाटतं.

लळिंगचा_डबेवाला

वरच्या भाऊंना उत्तर शेवटी देतो. आधी मूळ धाग्यावाल्या भावाला सांगतो कारण मी हेच केलंय आणि चुकीच्या पद्धतीने केलंय.

मी धुळ्याचा, सात वर्षं औषध कंपनीत एमआर होतो. २०१७ च्या पावसाळ्यात एका मीटिंगमध्ये मॅनेजरने माझी डीसीआरची (रोजच्या भेटींच्या रिपोर्टची) फाईल टेबलावर आपटली आणि मी तिथल्या तिथे राजीनामा लिहून दिला, जे व्हई ते व्हई. काय भारी वाटलं होतं. घरी येईपर्यंत टिकलं ते. मग घरी सांगायची हिंमतच होईना. महिनाभर रोज सकाळी बॅग आणि डबा घेऊन निघायचो, शहरात फिरलो तर कोणी डॉक्टरचा कंपाउंडर नाहीतर केमिस्ट भेटणार, म्हणून आग्रा रोडने लळिंगला जाऊन किल्ल्याच्या पायथ्याशी बसायचो. बाराला डबा खायचो. चारला परत. माझी आयडी त्याच्यावरूनच आहे. आईला कळलं ते कसं, तर एक दिवस डब्यात भाजीवर झाडाचं पान पडलेलं तसंच घरी गेलं, तिने विचारलं, "कोणत्या दवाखान्यात झाड शे रे?"

सात महिने घरी होतो. पहिले दोन मजेत गेले, छातीवरचा दगड तिसऱ्या आठवड्यातच उतरला हे मात्र खरं, झोप लागायला लागली. पण तिसऱ्या महिन्यापासून जो येईल तो विचारतो, काय करतो सध्या? लग्नाचं एक स्थळ त्यातच गेलं. आणि पैसे संपत आले की माणूस मिळेल ती नोकरी पकडतो, मी पकडली, एका स्टॉकिस्टकडे अकरा हजारावर, आधीच्या निम्म्यापेक्षा कमी. तिथून वर यायला चार वर्षं लागली.

म्हणून सांगतो सोड, पण रागाच्या दिवशी सोडू नको. क्लोजिंगच्या आठवड्यात तर बिलकुल नको. सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ता बाजूला आहे का ते बघ. तुझं घर महिन्याला समजा ३५ हजारात चालतं हप्ता धरून, तर दोन लाख दहा हजार. वहिनींचे १२ धरले तर अजून कमी लागतील. तेवढे असतील तर तू राजीनामा देऊ शकतो, नसतील तर आधी तेवढे जमव.

आणि वास्तव_बोला भाऊ, बॉर्डरवरचा माणूस पंगतीत बसला की लोक त्याला आग्रहाने वाढतात, उठून जात नाहीत. फरक आहे.

हिशेबनीस

जळगावात पीएफ-ईएसआयसी रिटर्नची कामं करतो, भावनेचं मला जमत नाही, कागदाचं सांगतो.

ग्रॅच्युइटी आधी मोज मग तिच्यासाठी थांब. शेवटचा बेसिक आणि डीए (नव्या कायद्यात बाकी भत्ते पगाराच्या निम्म्याहून जास्त असले तर तो जादा भाग पण यात धरतात), गुणिले १५, भागिले २६, गुणिले पूर्ण झालेली वर्षं. स्लिपवर बेसिक बघ. तुझ्या पगाराला समजा २२ हजार बेसिक असेल तर २२,००० × १५ ÷ २६ × ५ म्हणजे निदान ६३,४६१ रुपये. ४६ हजार × ५ नाही हां, असं समजणारे रोज भेटतात. लोक चार वर्षं २४० दिवस भरले तरी मिळते असं पण सांगतील, मद्रास हायकोर्टाचा तसा निकाल आहे, पण प्रत्येक कंपनी तो आपणहून मानत नाही, मग भांडत बसावं लागतं. तुला सरळ पाच भरता येत असतील तर त्या वाटेला जाऊ नको.

आता मुद्द्याचं. नोटीस पिरियड किती? अपॉइंटमेंट लेटर काढून बघ. ६० दिवस असेल आणि तू तो काम करून भरला तर ते दिवस नोकरीतच धरतात. म्हणजे तुला सप्टेंबरपर्यंत "थांबायचं" नाहीये, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मेल टाकला की शेवटचा दिवस ६ सप्टेंबरच्या पुढे पडतो. मे आणि जून काढायचे आहेत फक्त. एक मात्र, काही कंपन्या राजीनामा दिला की नोटीसचा पगार देऊन लगेच मोकळं करतात, तुमच्याकडे याआधी सुटलेल्या पोरांचं काय झालं ते विचारून घे आणि त्याप्रमाणे तारीख पुढेमागे कर.

पीएफ काढू नको, ट्रान्सफर कर. पाच वर्षांच्या आत काढला आणि रक्कम ५० हजाराच्या वर असली तर टीडीएस कापतात. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, आधीची कंपनी असेल तर तिचा पीएफ याच यूएएनला (पीएफच्या कायमच्या नंबरला) जोडलाय ना ते आत्ताच बघ, नंतर त्या एचआरच्या पाया पडावं लागतं.

मेडिक्लेम. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो, तुझा बीपी संपणार नाही. स्वतःची पॉलिसी राजीनाम्याच्या आधी घे आणि फॉर्ममध्ये बीपी लिही. लिहिला तर फार तर तीन वर्षांचा वेटिंग पिरियड लागेल, लपवला तर नेमका क्लेमच्या वेळी बाहेर येतो.

आणि कलेक्शनवाल्यांसाठी खास. जाताना कॅशचा हँडओव्हर लेखी घे. पावती पुस्तकं, हँडहेल्ड मशीन, सीझ केलेल्या गाड्यांच्या यार्डच्या नोंदी, पोरांच्या हातातली न भरलेली कॅश, सगळ्याची तारीखवार यादी करून मेलवर पाठव आणि "मिळालं" असं उत्तर येईपर्यंत सोडू नको. माझ्याकडे एक माणूस आला होता, कंपनी सोडून आठ महिने झाले होते आणि एका पावतीवरून पोलीस स्टेशनला बोलावलं. त्याची चूक नव्हती, पण कागद पण नव्हता.

राजीनामा व्हॉट्सअपवर नाही, मेलवर. दोन ओळी. त्यात सोलण्याचं, बायकोच्या वाक्याचं काही लिहू नको, ते इथे लिही.

तापीकाठचा

बेसिक बघितला, २१,४००. म्हणजे निदान ६१ हजार ७०० च्या आसपास. खरं सांगू का, मी मनात दोन लाख धरून चाललो होतो. नोटीस ६० दिवसच आहे. ग्रुपमधून सुटलेल्या दोघांना फोन केला, दोघांकडून पूर्ण दिवस काम करून घेतलं, एकाला तर शेवटच्या दिवशी पण टार्गेट दिलं होतं.

भुसावळची_सून

दादा, मी त्या बाजूने लिहिते जिच्याबद्दल तुमचे झोनलसाहेब रोज विचारतात. म्हणजे बायको.

माझे मिस्टर एका खाजगी बँकेत सेल्सला होते. २०२२ ला तुमच्यासारखंच सगळं, रात्री फोन उलटा ठेवायचे आणि तरी दर पाच मिनिटांनी सुलटा करून बघायचे. वाजला नसताना वाजल्यासारखा वाटायचा त्यांना. मी म्हटलं सोडा, तर म्हणायचे तुला काय कळतं हप्ते कसे भरायचे. आणि खरंच मला माहीत नव्हतं! लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि आमच्या घराचा हप्ता किती ते मला त्या दिवशी कळलं. मग एका रविवारी पोराच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर बसून सगळं लिहिलं. दूध, व्हॅन, गॅस, सासूबाईंच्या गोळ्या, अधिक मासात जावयाला द्यायचं वाण, सगळं. लिहून झाल्यावर ते बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले आणि म्हणाले, "एवढंच?" त्यांच्या डोक्यात तो आकडा फार मोठा झाला होता.

त्यांनी नोकरी सोडली नाही, डिपार्टमेंट बदललं. ऑपरेशन्सला गेले, नऊ हजार कमी. तुम्ही लेखी मागून बघितलंय का? तोंडी नाही, लेखी. तोंडी मागितलं की "क्लोजिंगनंतर बोलू" म्हणतात आणि क्लोजिंग तर दर महिन्याला असतं. पण हेही सांगते की पहिले सहा महिने ते घरात बोअर व्हायचे, चिडचिड करायचे, साडेसहाला घरी येऊन काय करायचं हेच कळेना माणसाला. तेव्हा मला वाटलं होतं की आपण चूक केली का. माळ्यावरची ट्रंक तीन वेळा आवरली त्यांनी.

आणि अजून एक, हसू नका. त्यांनी १४४१६ ला फोन केला होता. टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री पण उचलतात आणि मराठीत बोलतात. गच्चीवर जाऊन बोलले, मला चार महिन्यांनी सांगितलं. मी काही बोलले नाही पण मला वाईट वाटलं की माझ्याशी न बोलता गच्चीवर जावं लागलं. तुम्ही दोन वाजता जागे असता ना, तेव्हा करा. बीपीची गोळी डॉक्टर देतील, पण दोन वाजताच्या विचारांना गोळीने काय होणार. वहिनींना हा धागा दाखवा, निदान पंगतीचं तरी सांगा. सांगितलंय का?

केयीवाला

भाऊ मी रावेरकडचा, मले विचारशील तं वडील बरोबर सांगून राह्यले. तुझी चार एकर म्हणजे पाच बाय पाच फुटांवर साडेसतराशे झाडं एकराला, सात हजार झाडं झाली. ऐकायला लय वाटतं. रोप, ठिबक, खतं, घडाला स्कर्टिंग बॅग, मजूर, आणि पैसा दिसायला अकरा-बारा महिने. त्या अकरा महिन्यांत १४,८०० चा हप्ता कोण भरीन? मेमध्ये ४५ च्या वर पारा गेला की पानं करपतात, जूनच्या आधी एक वादळ आलं की घडासकट झाडं आडवी, सीएमव्ही रोग आला तं उपटून फेका. फळपीक विमा आहे, पण तो यायच्या आधी बँकेवाला येतो. बऱ्हाणपूरचा भाव सकाळी एक आणि व्यापारी वावरात येईपर्यंत दुसरा. आमच्या केळीला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, चांगलं झालं, पण ट्रकवाल्याले जीआय दाखवून भाव वाढत नाही.

शेती हे तुझं टेन्शन सोडवायची जागा नाही. आम्हाला पण दोन वाजता जाग येते, मोटरची लाईट रात्रीची असली की.

ठिबकच्या दुकानाचं एक विचार. शेतकरी ठिबक उधार नेतो, सबसिडी आली की देतो. मग ते पैसे मागायले कोण जाईन? तुझा मित्र का तुले बोलावून राह्यला ते समजलं का? वसुली तुले चांगली जमते म्हणून!

आणि तो पंगतीतला माणूस. मी पण एकदा उठलेलो आहे असा. २०१९ ला, फैजपूरच्या एका लग्नात, पीककर्जाच्या सोसायटीचा सचिव समोर दिसला. घरी येऊन उपाशी झोपलो. सचिव चांगला माणूस होता, त्याच्यावर राग नव्हता, कोणावरच नव्हता. तू मनाला लावून घेऊ नको एवढं, पण विसरू पण नको.

एमएच_अठरा

ठिबकचं ते खरंय राव, माझ्या डोक्यातच आलं नाही.

तापीकाठचा

केयीवाला भाऊ, मित्राला फोन केला आणि सरळ विचारलं उधारी किती आहे बाजारात. आधी हसला. मग म्हणाला साडेसहा लाख. म्हणजे माझे चार टाकून मी त्याच्या साडेसहाच्या मागे फिरायचं. चोपड्यातच, गाववाल्यांच्याच दारात. हा पर्याय गेला.

ताई, बायकोला पंगतीचं सांगितलं नव्हतं. आज सांगतो.

वास्तव_बोला

मी जरा जास्त बोललो असेन वर. पण एक विचारतो, पतसंस्थेत काय वसुली नसते का? तिथे तर संचालक मंडळाच्या नातेवाइकांकडूनच वसूल करायचं असतं, ते जास्त अवघड. आणि आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांच्या ठेवीदारांचे काय हाल झाले ते सगळ्यांनी पाहिलंय. ऑडिट रिपोर्ट बघितल्याशिवाय जाऊ नका, एनपीए किती, ऑडिट वर्ग कोणता. मी स्वतः एका संस्थेत ठेव ठेवून बसलोय म्हणून सांगतो, अजून बसलोच आहे.

हिशेबनीस

हे एक वाक्य मात्र लाखाचं बोलले. संस्थेच्या वार्षिक अहवालात असतं सगळं, ऑडिट वर्ग अ आहे का ब आहे का पुढचा. अहवाल द्यायला टाळाटाळ केली तर समजून जा.

अजून एक राहिलं होतं. आरबीआयचा नियम आहे, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन नाही, मायक्रोफायनान्सला तर ९ ते ६. तुझा साडेआठचा कॉल संपल्यावर "आत्ता जाऊन ये" म्हणतात ना, तेव्हा जाणारा तू असतो. तक्रार झाली तर त्यात नाव झोनलचं नसेल. ऑर्डर लेखी मागायची सवय लाव, नाहीतर जाऊ नको.

लळिंगचा_डबेवाला

६१ हजारासाठी दोन महिने काढू नको असंच माझं मत होतं, पण नोटीसचं गणित बघून बदललं. तारीख ठरलेली असली की सहन होतं. मी ज्या दिवशी सोडली त्या दिवसाआधी माझ्याकडे तारीखच नव्हती, तीच भानगड होती. फक्त महिनाअखेर बीपी वर जातोय तेवढं हलक्यात घेऊ नको, तो परत दीडशेला गेला तर ६१ हजार गेले उडत, त्याच दिवशी मेल टाक.

तापीकाठचा

अपडेट. उशीर झाला, जूनची क्लोजिंग होती.

लेखी मागून बघितलं, क्रेडिट किंवा ऑपरेशन्स, पगार कमी चालेल असं पण लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं की सध्या जागा नाही. आठव्या दिवशी पीआयपीचं, म्हणजे काम सुधारून दाखवा असं, पत्र आलं. ज्याची पाच वर्षं भीती वाटत होती ते कागद हातात आल्यावर दोन पानं निघालं, त्यात माझ्या आडनावात पण चूक होती. त्या रात्री मी साडेदहाला झोपलो आणि सकाळी सहाला उठलो, आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

जूनच्या पहिल्या आठवड्यापासून ७ नंतर दारात जाणं बंद केलं, पोरांना पण सांगितलं. कॉलवर म्हटलं, मेल करा साहेब, मेल आला तर जातो. मेल आला नाही. आकडा पडला का? पडला, थोडा. यावलचा उलट वाढला, का ते कळलं नाही. बायकोचं ते वाक्य साहेबांनी परत काढलं तेव्हा मी म्हटलं, "तिला सगळं सांगितलंय साहेब." कॉलवर कोणीच काही बोललं नाही, मग रावेरच्या पोराचा आकडा विचारला.

आणि घरी खरंच सांगितलं. पंगतीचं ऐकून ती एवढंच म्हणाली की मग त्या माणसाला परत जेवायला कोणी बोलावलं का. आम्ही पण वहीच्या मागे हिशोब केला. ३३,९०० निघाले हप्ता धरून. बाजूला एक लाख साठ आहेत, दिवाळीपर्यंत दोन होतील.

पतसंस्थेने अहवाल दिला, ऑडिट वर्ग अ. काम कर्ज तपासणीचं आहे, कर्ज द्यायच्या आधी वावरात जाऊन बघायचं की या माणसाला ते झेपेल का. वसुलीची टीम वेगळी. २७ चे २९ केले त्यांनी, १५ सप्टेंबरपासून या म्हणाले. वडिलांना पगार कमी झाल्याचं अजून सांगितलेलं नाही, तेही, डबेवाला भाऊ, डब्यात पान पडेपर्यंत चालेल असं वाटतं.

मेल १३ जुलैला टाकतोय, सोमवार आहे. शेवटचा दिवस ११ सप्टेंबर पडतो. दोन ओळीच लिहिल्यात. हँडओव्हरची यादी चालू आहे, यार्डात चार ट्रॅक्टर उभे आहेत, त्यातला एक कोणाचा ते सांगायला नको.

भुसावळची_सून

वहिनींचा प्रश्न मलाही पडला. बोलावलं का?

हिशेबनीस

यार्डातल्या ट्रॅक्टरचे फोटो काढून ठेव, चारही बाजूंनी, टायर आणि बॅटरीसकट, तारखेसह. मेडिक्लेम झाला का? फॉर्मवर बीपी लिहिला ना?

तापीकाठचा

ताई, नाही बोलावलं. मामेभावाकडून नंबर मिळेल, माझ्याकडे तर आहेच म्हणा सिस्टीममध्ये, पण त्या नंबरवरून नाही करायचा.

हिशेबनीस भाऊ, लिहिला. प्रीमियम वाढवून आला.